राणीसाहेबांचं आजारपण

१४ एप्रिल

चि. सूनबाईस,

तू गेल्यापासून मी तुला तीन पत्रं पाठवली. तिन्हींत 'झाडं मजेत आहेत' असं लिहिलं आणि तिन्ही वेळा तुझं एका ओळीचं उत्तर आलं, 'बरं झालं बाबा, तब्येतीला जपा.' आज मात्र तसं लिहिता येत नाही. बाकीची मजेत आहेत, पण राणीसाहेबांचं बिनसलंय, आणि त्याला कारण मी आहे.

त्याचं असं झालं. समोरची इमारत पाडताहेत, त्यामुळे बाल्कनीत धूळच धूळ. राणीसाहेबांच्या पानांवर पांढरट थर दिसला. मला वाटलं, सिमेंटच बसलं. जन्मभर चष्म्याच्या काचा पुसत आलेला माणूस मी, समोर काही धुरकट दिसलं की हात आपोआप खिशातल्या फडक्याकडे जातो. एकेक पान बोटात धरून दोन्ही बाजूंनी लख्ख पुसलं. काय तुकतुकीत दिसायला लागलं म्हणून सांगू! मी चिरंजीवांना मुद्दाम बोलावून दाखवलं. ते मोबाइलमधून मान वर न काढता 'हं' म्हणाले.

आता उन्हाच्या बाजूच्या पानांवर तपकिरी डाग पडलेत, शर्टावर इस्त्री जरा जास्त वेळ राहिली की पडतात तसे. तू एवढ्या विश्वासानं कुंड्या माझ्या हवाली केल्यास, मेअखेर टेंपो पाठवून नेणार आहेस, आणि मी दोन महिन्यांत हे करून बसलो. फार वाईट वाटतंय. काय करू ते कळव. फोन करायचा नाही हे लक्षात आहे. फोनवर मागून चिरंजीवांचा आवाज येतो आणि मग तुझा सगळा दिवस वाया जातो, म्हणालीस ते पटलंय मला.

बाबा

*

२ मे

चि. सूनबाईस,

तुझं पत्र मिळालं. पाच पानं! शिवाय चित्रं काढलेली! पोस्टमनकडून पाकीट घेतलं तेव्हाच जाड लागलं, मग दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून वाचलं. एक गिऱ्हाईक बाहेर ताटकळलं, ताटकळू दे.

तर ती धूळ नव्हती. ती राणीसाहेबांची स्वतःची पावडर, उन्हापासून बचाव करणारी, आणि एकदा पुसली गेली की त्या पानावर पुन्हा येत नाही. मी त्यांची छत्री काढून घेतली आणि वर त्यांना उन्हात उभं केलं. नवी पानं येतील ती पावडर घेऊनच येतील, असं तू लिहिलंस म्हणून जरा जिवात जीव आला. सांगितल्याप्रमाणे हिरवी जाळी बांधली आहे, सकाळचं कोवळं ऊन तेवढं येऊ देतो. पानाला हात लावत नाही. पट्टेरी कैद्याची कुंडी सावलीत ठेवली आहे, त्याला कशाचंच काही वाटत नाही.

बाकीचीही खबर कळली. तुझ्या खोलीला पश्चिमेची खिडकी आहे आणि दुपारी भट्टी होते. घरमालकीणबाई बोलतात फार, पण गच्चीवर शेड घालू दिली. लॅबमध्ये सकाळपासून लोकांचं रक्त काढून काढून तुला आता माणसाचा चेहरा आठवत नाही, दंड आठवतो. हे वाचून मी एकटाच हसलो. आणि त्या हॉटेलवाल्या बाईंना ऑक्टोबरात प्रत्येक टेबलावर एक छोटी कुंडी हवी आहे, ते जमलं तर लॅबची नोकरी अर्ध्या दिवसाची करून घेणार! जमेल. का नाही जमणार? एका पानातून एक रोप करतेस तू, मी पाहिलंय.

राणीसाहेबांना चार डाग पडले म्हणून मला हे सगळं कळलं. त्यांचे आभार मानावेत की माफी मागावी, समजत नाही.

चिरंजीव विचारत होते, तिच्या कुंड्या कधी हलणार, बाल्कनीत वॉशिंग मशीन ठेवायचंय. मी म्हटलं, लवकरच.

बाबा

*

२० मे

चि. सूनबाईस,

'टेंपो ३० तारखेला येईल, कुंड्या तयार ठेवा.' तुझी चिठ्ठी मिळाली. एवढीच होती. मागे उलटून पाहिलं, मागे काही नव्हतं.

लिहायला जड जातंय, पण टेंपो पाठवू नकोस. झाडांची परिस्थिती बरी नाही. राणीसाहेबांची पानं सुरकुतली आहेत. जाड पानांचा ढोल्या मलूल आहे. लोंबत्या माळेचे मणी चपटे पडलेत. उकाडा असा आहे की माणसं आडवी होताहेत, तिथे या जिवांचं काय? अशा अवस्थेत चार तास टेंपोत हादरे खात जाणं त्यांना झेपायचं नाही. आजारी माणसाला कोणी प्रवासाला काढतं का? जुलैपर्यंत थांबू. तोवर काय काय करायचं ते मात्र नीट, सविस्तर लिही. चित्रं काढलीस तर फारच बरं, मला चित्रांवरून पटकन कळतं.

तू काळजी करू नकोस. म्हणजे थोडी कर, पण फार नको.

परवा शेजारच्या बाई आल्या होत्या. ढोल्याला किती गोंडस पिल्लं फुटलीत, एक द्या ना, म्हणून मागेच लागल्या. मी दिलं नाही. म्हटलं, ठेव आहे, माझं नाही.

बाबा

*

८ जून

चि. सूनबाईस,

हुशार आहेस. 'इतका मलूल ढोल्या शेजारच्या बाईंना गोंडस कसा दिसला?' असं विचारलंस. त्यांचा चष्मा माझ्याकडे दुरुस्तीला पडलाय. त्यांना सध्या सगळं जगच गोंडस दिसतंय.

असो. तुझं सात पानी पत्र आलं. रात्रपाळी करून आल्यावर बसून लिहिलंस ना? अक्षरावरून कळतं, शेवटच्या दोन पानांत ओळी खाली घसरल्या आहेत. अशी जागू नकोस. मला लाज वाटते.

तू लिहिलंस, उन्हाळ्यात ही झाडं झोपतात, तेव्हा पाणी घालणं म्हणजे झोपलेल्याच्या तोंडात घास कोंबणं. पण पानं खरोखर सुरकुतली असतील आणि माती तळापर्यंत कोरडी असेल, तर मुळं तहानली आहेत. तेव्हा संध्याकाळी परातीत पाणी घेऊन कुंड्या त्यात ठेवायच्या, खालून पाणी पिऊ द्यायचं, वरची माती ओलसर झाली की लगेच उचलायच्या. तसं केलं. सगळ्या कुंड्यांना केलं. 'तू सांगितल्याप्रमाणे केलं' हे वाक्य लिहिताना फार बरं वाटतंय, किती बरं ते तुला सांगता येणार नाही.

त्याच रात्री पाऊस लागला. अजून थांबलेला नाही. हवा अशी की टेबलाच्या खणातले कागद मऊ पडलेत.

हॉटेलवाल्या बाईंना तू शब्द दिलास आणि आता मूळ झाडं हाताशी नाहीत, म्हणून पानं लावायला उशीर होतोय, हेही वाचलं. ते एक पान मी पुन्हा वाचलं नाही.

चिरंजीवांना सांगितलं आहे की तू पुढच्या आठवड्यात कुंड्या नेणार आहेस. दोन्हीकडे थापा मारायला माणूस तरुण हवा, माझं आता लक्षात राहत नाही कुणाला काय सांगितलं ते.

मागच्या ओळीकडे लक्ष देऊ नकोस, गंमत केली.

बाबा

*

२९ जून

चि. सूनबाईस,

आज थोडक्यात लिहितो.

शेजारच्या बाईंकडे एक झाड आहे, राणीसाहेबांच्याच जातीचं. त्याची खालची पानं पिवळी पडून काचेसारखी झाली आहेत, आतलं पाणी दिसतं. बोट लागलं तरी गळून पडतात. देठ खालून काळा दिसतो. त्या विचारत होत्या की हे काय असावं, आणि यातून झाड वाचतं का. त्यांना घाई आहे. जमल्यास लगेच लिही. या वेळी सविस्तर नसलं तरी चालेल.

बाबा

*

११ जुलै

चि. सूनबाईस,

तुझं उत्तर मिळालं. आधी तुझे शब्द तुलाच परत वाचून दाखवतो.

'ते शेजारच्या बाईंचं झाड नाही ना बाबा? आपलंच आहे ना? मला दुखवायचं नाही म्हणून तुम्ही तसं लिहिलंत. चूक माझी आहे. अशा हवेत मी पाणी द्यायला सांगायलाच नको होतं. मी हातात घेतलेलं काही टिकतच नाही.'

तुझा सल्ला बरोबर होता. शंभर टक्के बरोबर होता. फक्त मी तुला सांगितलेला आजार खोटा होता.

वीस मेला झाडं उत्तम होती. एक पान सुरकुतलेलं नव्हतं. राणीसाहेबांना मधोमध पावडर लावलेली कोवळी पानं आली होती, ढोल्याला पिल्लं फुटली होती, माळ कठड्याच्या खाली उतरली होती. टेंपो आला असता तर सगळा गोतावळा ऐटीत तुझ्या गच्चीवर पोचला असता आणि आत्तापर्यंत तुझ्या ट्रेमध्ये शेकड्यांनी पानं रुजली असती.

मी खोटं का लिहिलं, ते सांगतो. झाडं मजेत असली की तू एक ओळ लिहायचीस. राणीसाहेबांना डाग पडले तेव्हा पाच पानं आली. मला वाटलं, कुंड्या गेल्या की ती एक ओळही जाईल. कोण कुठल्या जुन्या सासऱ्याला पत्रं लिहीत बसतं? कागदोपत्री तर मी आता तुझा कोणीच नाही. म्हणून झाडांना अंथरुणाला खिळवलं. आधी वाटलं, एकच पत्र. मग सात पानं आली.

आणि त्या सात पानांनी माझी पंचाईत केली. रात्रपाळी करून आलेली पोर माझ्या थापेसाठी जागत बसली, हे मला सोसेना. निदान तिनं सांगितलेलं करावं तरी, म्हणजे परत लिहिताना एक वाक्य तरी खरं असेल. म्हणून परातीत पाणी घेतलं. माती कोरडी आहे का, पानं सुरकुतली आहेत का, हे काहीच पाहिलं नाही, कारण ते सगळं पत्रातच ठरलं होतं. खोटं आजारपण मी कळवलं, खरं औषध तू पाठवलंस, आणि मी ते धडधाकट झाडांना पाजलं. असा मूर्खपणा दुसऱ्या कुणाला सुचला असता असं मला वाटत नाही.

त्यानंतर माती वाळलीच नाही. मी घरातला पंखा बाल्कनीच्या दाराशी आणून लावला. चिरंजीव म्हणाले, 'बाबा, आता झाडांना वारा घालताय? मला कधी घातला नाहीत.' राणीसाहेबांची खालची पानं एकेक करून खाली आली. तू लिहिल्याप्रमाणे ब्लेड स्पिरिटनं पुसून देठ कापला. आत काळं कडं दिसलं. अजून वर कापला, तरी काळंच. काळं संपेपर्यंत कापत गेलो तेव्हा हातात फक्त शेंडा उरला, शर्टाच्या बटणाएवढा. तो कागदावर सुकत ठेवला आहे. ढोल्या गेला. त्याची दोन पिल्लं वेगळी काढली आहेत, मुळं कोरडी आहेत. माळेचे मणी पिचकले, चार-पाच चांगले तुकडे निघाले. कैदी जसाच्या तसा आहे. बाकीच्यांपैकी निम्मी कुजली.

पानं गळायला लागली तेव्हाच मी तुला खरं लिहायला हवं होतं. लिहिलं काय, तर शेजारच्या बाईंचं झाड. त्यांच्याकडे दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांखेरीज काही नाही. तुझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी मला दुसऱ्याच दिवशी पकडलं असतं. त्यांच्यासमोर मला कधी धड खोटं बोलता आलं नाही.

झाडांबद्दल तू मला काय वाटेल ते बोल. पण 'मी हातात घेतलेलं काही टिकत नाही' हे वाक्य आधी पुसून टाक. ते तुझं नाही. ते या घरात तुला ऐकवलं जायचं, भिंतीच्या या बाजूला मी बसलेला असायचो, आणि आता तू ते माझ्यामुळे स्वतःच म्हणायला लागलीस. हे मला मेलेल्या झाडांपेक्षा जास्त लागलं. तुझ्या हातातलं सगळं टिकलं होतं. माझ्या हातात आल्यावर गेलं.

टेंपो पाठव. या वेळी मी काही कारण सांगणार नाही.

बाबा

*

२७ जुलै
(टेंपोवाल्याबरोबर, खोक्यात)

चि. सूनबाईस,

तुझा टेंपो आला. पत्र नव्हतं, टेंपोवाल्याच्या हाती निरोपही नव्हता. त्याला दोनदा विचारलं तेव्हा तो वैतागला.

माती झाडून, मुळं मोकळी करून, प्रत्येक रोप वर्तमानपत्रात गुंडाळलं आहे. शेंडे आणि पिल्लं चष्म्यांच्या जुन्या डब्यांत कापसावर ठेवली आहेत. डब्यावर लिहिलंय कोण कुठलं ते. कैदी समोर ड्रायव्हरच्या पायाशी आहे, त्याला चालतं. रिकाम्या कुंड्या उकळत्या पाण्यानं धुतल्या आहेत. कुजलेल्यांची माती दिली नाही, तुझ्या शेडमध्ये रोग नको.

बटणाएवढ्या राणीसाहेबांना केसाएवढं एक मूळ फुटलंय. भिंगातून पाहिलं, नक्की आहे. ही थाप नाही, पण तू विश्वास ठेवावास असं काही मी ठेवलेलं नाही. स्वतःच पाहून घे.

बाबा

*

१९ ऑगस्ट

चि. सूनबाईस,

काल तुझं पत्र आलं. पाकीट जाड नव्हतं. एकच पान, पाठपोट.

तू लिहिलंस की हॉटेलवाल्या बाईंनी दुसरीकडून कुंड्या घ्यायचं ठरवलं. अर्ध्या दिवसाच्या नोकरीचा अर्ज तू लॅबमधून परत मागून घेतलास, आणि साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, काय, बागकाम संपलं का? ते वाक्य त्यांच्या तोंडी मीच घातलं. तू अजून वर्षभर सकाळी उठून अनोळखी दंड शोधणार, ते माझ्यामुळे.

तू लिहिलंस, 'तुमचा मला राग आलाय बाबा. झाडांचा नाही आला तेवढा याचा आलाय की मी फक्त कुंड्यांसाठी लिहिते असं तुम्हाला वाटलं. एका ओळीचं लिहायचे, कारण दमून यायचे आणि तुमच्यापुढे दमलेलं दिसायचं नव्हतं. तुम्ही नुसतं म्हणायचं होतं ना, लिही म्हणून. मी काय नाही म्हणणार होते?' आणि शेवटी, 'झाडांबद्दल मला आता काही लिहू नका.'

नाही लिहिणार. राग बरोबर आहे. तो कमी कर असंही म्हणणार नाही, तुझा आहे, तुला हवा तेवढा ठेव.

मग आज लिहायला काय उरलं, म्हणून सकाळपासून कागद पुढ्यात घेऊन बसलोय. बाल्कनीत वॉशिंग मशीन आलं. चालू केलं की ते चालत चालत दारापर्यंत येतं, चिरंजीव त्याला धरून उभे राहतात. परवा तसेच उभे असताना मला म्हणाले, 'बाबा, ती बरी आहे ना?' मी म्हटलं, तुला तिची खबर माझ्याकडून मिळणार नाही. माझ्या आयुष्यात मी त्यांना पहिल्यांदा नाही म्हटलं असेल. फार उशिरा सुचलं. ते मशीन धरून उभे राहिले.

दुकानात काल एक म्हातारबाबा आले. नव्या नंबरचा चष्मा घातला, आरशात पाहिलं, आणि काढून परत ठेवला. म्हणाले, जुनाच बरा होता, यात सगळंच दिसतंय. मी दिवसभर हसत होतो. कुणाला सांगावं, म्हणून इकडे तिकडे पाहिलं. तुला सांगावंसं वाटलं.

तेवढंच आहे, पोरी. माझ्याकडे तुझं आता काहीही नाही, परत करायचं काही नाही, विचारायचं काही नाही, कुणी आजारी नाही. मला तुझी फार आठवण येते. हे एक वाक्य मी एप्रिलमध्ये लिहिलं असतं तर बाकीचं काहीच लिहावं लागलं नसतं.

उत्तर आलं नाही तरी चालेल, असं इथे लिहायची रीत असते. मला चालणार नाही. पण ते माझं मी बघेन. तू सवडीनं लिही, किंवा लिहू नकोस.

बाबा